‘बायकोने नवऱ्याच्या अधीन राहावं’ सांगणारी पुस्तकं अमेरिकेत लोक स्वतःच कशी छापतात? आणि त्यात घरगुती विनोद कुठून आला?

इन्स्टाग्राम किंवा यूट्यूबवर ‘ट्रॅडवाइफ’ हा शब्द आता बऱ्याच जणांच्या नजरेखालून गेला आहे. लांब फ्रॉक घातलेली अमेरिकन बाई घरीच पाव भाजते, पाच-सहा मुलं सांभाळते आणि कॅमेऱ्याकडे बघून सांगते, की घरात शेवटचा शब्द नवऱ्याचाच असावा. खाली कमेंटमध्ये भांडणं जुंपतात. रील बघून पुढे सरकणाऱ्यांना मात्र एक गोष्ट सहसा माहीत नसते. या रीलच्या मागे साठ वर्षांहून जुना पुस्तकांचा बाजार आहे आणि त्यातली काही गाजलेली पुस्तकं कोणत्याही मोठ्या प्रकाशकाने नाही, तर लेखकांनी स्वतःच छापली होती.

या बाजाराला दोन बाजू आहेत. एका बाजूला ‘सबमिशन’, म्हणजे पत्नीने पतीच्या अधीन राहण्याची शिकवण. दुसऱ्या बाजूला मुलं, कपड्यांचे ढीग, विसरभोळा नवरा आणि रविवारी चर्चला पोहोचायची धांदल यांवरचा हलकाफुलका विनोद. बऱ्याचदा हे दोन्ही एकाच पुस्तकात सापडतं. ही पुस्तकं का निघतात, ती कशी छापली जातात, त्यातून किती पैसे मिळतात आणि त्यांवरून वाद का होतात, हे समजून घेऊया.

‘सबमिशन’ म्हणजे नेमकं काय?

या शिकवणीचा आधार बायबलच्या नव्या करारातल्या काही पत्रांमध्ये आहे. इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय, कलस्सैकरांस पत्राचा तिसरा अध्याय आणि पेत्राच्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय ही त्यातली सगळ्यात जास्त वेळा पुढे केली जाणारी ठिकाणं. पत्नींनी पतींच्या अधीन असावं, असं तिथे सांगितलं आहे. मराठी बायबलमध्येही ‘अधीन’ हाच शब्द येतो.

पण त्याच ठिकाणी पतींनाही सूचना आहेत. पत्नीवर प्रेम करा, तिच्याशी कठोरपणे वागू नका, ख्रिस्ताने मंडळीसाठी जसा स्वतःचा त्याग केला तसं प्रेम करा, असा त्यांचा आशय आहे.

खरा वाद एका ओळीच्या अंतरावर आहे. इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातलं २१वं वचन सगळ्या विश्वासणाऱ्यांना एकमेकांच्या अधीन राहायला सांगतं. पत्नींना उद्देशून असलेलं वचन त्याच्या लगेच पुढचं, म्हणजे २२वं. काही सर्वात जुन्या ग्रीक हस्तलिखितांमध्ये २२व्या वचनात ‘अधीन राहा’ हे क्रियापदच नाही, ते आधीच्या वचनातून गृहीत धरावं लागतं. त्यामुळे एक गट म्हणतो, ही दोन वचनं एकत्र वाचली तर अधीनता परस्परांची ठरते. दुसरा गट म्हणतो, पुढची वचनं पतीला स्पष्टपणे ‘मस्तक’ म्हणतात, म्हणून घरातलं नेतृत्व त्याचंच.

मग अमेरिकेतल्या सगळ्या ख्रिश्चनांना हे मान्य आहे का?

नाही. १९८७ मध्ये अमेरिकेत ‘कौन्सिल ऑन बिब्लिकल मॅनहुड अँड वुमनहुड’ ही संस्था स्थापन झाली. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समधल्या डॅनव्हर्स या गावी तिचं निवेदन तयार झालं. स्त्री-पुरुषांचं मोल समान, पण भूमिका वेगळ्या, अशी या गटाची मांडणी आहे. तिला ‘कॉम्प्लिमेंटेरियन’ म्हणतात. जॉन पायपर आणि वेन ग्रुडेम यांनी संपादित केलेलं १९९१ चं ‘रिकव्हरिंग बिब्लिकल मॅनहुड अँड वुमनहुड’ हे या विचाराचं प्रमुख पुस्तक मानलं जातं.

जवळपास त्याच काळात ‘ख्रिश्चन्स फॉर बिब्लिकल इक्वॅलिटी’ ही विरुद्ध मताची संस्थाही उभी राहिली. तिच्या मते बायबल पती-पत्नीला बरोबरीचं स्थान देतं.

१९९८ मध्ये अमेरिकेतला सर्वात मोठा प्रोटेस्टंट पंथसमूह असलेल्या ‘सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन’ने आपल्या श्रद्धा-जाहीरनाम्यात कुटुंबावरचं कलम घातलं आणि पत्नीने पतीच्या नेतृत्वाच्या अधीन राहावं, असं अधिकृतपणे नोंदवलं. माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर हे आयुष्यभर बॅप्टिस्ट होते. २००० मध्ये त्यांनी या कन्व्हेन्शनशी नातं तोडत असल्याचं जाहीर केलं आणि स्त्रियांबद्दलची भूमिका हे त्यामागचं एक कारण असल्याचं सांगितलं.

थोडक्यात, हा प्रश्न चर्चच्या आतच पेटलेला आहे. आणि जिथे वाद असतो तिथे पुस्तकांना वाचक असतो.

ही पुस्तकं स्वतः छापायची सुरुवात कुठून झाली?

सगळ्यात गाजलेलं उदाहरण हेलन अँडेलिन यांचं. त्या मॉर्मन चर्चच्या सदस्य होत्या. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला त्या कॅलिफोर्नियात विवाहित स्त्रियांसाठी वर्ग घ्यायच्या. या वर्गांमधूनच १९६३ मध्ये ‘फॅसिनेटिंग वुमनहुड’ हे पुस्तक तयार झालं आणि ते त्यांनी आधी स्वतःच प्रसिद्ध केलं. वर्गातल्या बायका पुस्तक घेऊन जायच्या, मैत्रिणींना द्यायच्या, काही जणी पुढे स्वतः वर्ग घ्यायच्या. त्यामुळे पुस्तकाचा प्रसार जाहिरातीपेक्षा तोंडोतोंडी जास्त झाला. पुढे मोठ्या प्रकाशनाने त्याची स्वस्त आवृत्ती काढली आणि एकूण खप वीस लाख प्रतींच्या पुढे गेला.

त्याच वर्षी, १९६३ मध्येच, बेटी फ्रीडन यांचं ‘द फेमिनिन मिस्टिक’ आलं होतं. घरात अडकलेल्या गृहिणीच्या अस्वस्थतेबद्दल दोन्ही पुस्तकं बोलत होती. एकीने घराबाहेरचं जग दाखवलं, दुसरीने नवऱ्याला खूश ठेवण्याची कला शिकवली.

दहा वर्षांनी, १९७३ मध्ये, फ्लोरिडातल्या मॅराबेल मॉर्गन यांचं ‘द टोटल वुमन’ आलं. ते मात्र एका जुन्या ख्रिश्चन प्रकाशनाने काढलं होतं. १९७४ मध्ये ते अमेरिकेतलं सर्वाधिक खपाचं ललितेतर पुस्तक ठरलं. नवरा कामावरून घरी येतो तेव्हा वेगवेगळ्या वेशभूषा करून दारात उभं राहायचा त्यांचा सल्ला इतका गाजला, की त्यावर अनेक वर्षं विनोद होत राहिले. मॉर्गन स्वतःही गंमतीशीर भाषेत लिहायच्या. उपदेशाला विनोदाची फोडणी दिली की पुस्तक जास्त हातांत जातं, हे या पुस्तकाने दाखवून दिलं.

१९९०च्या दशकाच्या शेवटी लॉरा डॉयल यांनी ‘द सरेंडर्ड वाइफ’ स्वतः छापून विकायला सुरुवात केली. हे पुस्तक थेट ख्रिश्चन नव्हतं, पण नवऱ्यावरचं नियंत्रण सोडा, हा त्याचा सल्ला चर्चमधल्या अनेक बायकांना ओळखीचा वाटला. २००१ मध्ये सायमन अँड शुस्टर या मोठ्या प्रकाशनाने ते घेतलं आणि ते बेस्टसेलर झालं.

इथे एक साचा दिसतो. आधी छोटा गट किंवा वर्ग, मग स्वतः छापलेलं पुस्तक, तोंडोतोंडी खप आणि शेवटी मोठा प्रकाशक दारात. आज वर्गाच्या जागी इन्स्टाग्राम आलं, एवढाच फरक.

यात विनोदाचं काय काम?

अमेरिकेत घरगुती विनोदी लेखनाची मोठी परंपरा आहे. मराठीत चिं. वि. जोशींच्या चिमणरावाने मध्यमवर्गीय घरातली फजिती जशी घराघरांत नेली, तसं तिथे काही लेखिकांनी केलं. नाटककार जीन कर यांचं ‘प्लीज डोन्ट ईट द डेझीज’ १९५७ मध्ये आलं. चार मुलांच्या घरातला गोंधळ हा त्याचा विषय होता. पण या प्रकारातलं सगळ्यात मोठं नाव एर्मा बॉम्बेक यांचं.

ओहायो राज्यातल्या डेटन शहराजवळ राहणाऱ्या बॉम्बेक यांनी १९६४ मध्ये एका स्थानिक साप्ताहिकात सदर सुरू केलं. एका लेखाचे त्यांना तीन डॉलर मिळायचे. पुढे त्यांचं सदर अमेरिका आणि कॅनडातल्या सुमारे ९०० वृत्तपत्रांत छापलं जाऊ लागलं. कपडे धुण्याच्या यंत्रात हरवणारे मोजे, ऐन वेळी आजारी पडणारी मुलं, टीव्हीसमोरून न हलणारा नवरा हे त्यांचे विषय. १९९६ मध्ये त्यांचं निधन झालं. डेटन विद्यापीठ आजही त्यांच्या नावाने विनोदी लेखनाची कार्यशाळा भरवतं आणि घरगुती विनोदाची पुस्तकं स्वतः काढणारे अनेक नवखे लेखक तिथे येतात.

बॉम्बेक कॅथलिक होत्या, गृहिणी होत्या, पण अधीनतेच्या प्रचारक नव्हत्या. उलट स्त्रियांना राज्यघटनेत समान हक्क मिळावेत यासाठी आणलेल्या घटनादुरुस्तीच्या बाजूने त्यांनी जाहीरपणे प्रचार केला. म्हणजे घरकामावरचा विनोद आणि अधीनतेची शिकवण यांचं नातं जन्मजात नाही. ते नंतर जोडलं गेलं.

जोडलं कसं गेलं, तर चर्चच्या व्यासपीठावरून. विस्कॉन्सिनमधले पाळक मार्क गंगोर यांनी लग्नावरचे विनोदी सेमिनार सुरू केले आणि त्यातूनच ‘लाफ युअर वे टू अ बेटर मॅरेज’ हे पुस्तक आलं. पुरुषाचा मेंदू आणि बाईचा मेंदू कसे वेगळे चालतात, यावरचे त्यांचे किस्से व्हिडिओमधून जगभर फिरले. कॅथलिक विनोदवीर जिम गॅफिगन यांनी न्यूयॉर्कच्या दोन बेडरूमच्या घरात पाच मुलं वाढवण्यावर ‘डॅड इज फॅट’ हे पुस्तक २०१३ मध्ये लिहिलं. त्यात हसं बायकोचं नाही, तर बापाचंच आहे.

या विषयावर पुस्तक वाचताना हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. घरगुती विनोदात कोणाचं हसं होतं, यावरून लेखक घरातली सत्ता कोणाकडे मानतो हे बऱ्याचदा कळतं.

मोठे प्रकाशक असताना लोक स्वतः का छापतात?

पहिलं कारण दुकानं. अमेरिकेत ख्रिश्चन पुस्तकांची स्वतंत्र दुकानं होती आणि तिथल्या कपाटात जागा मिळणं म्हणजे मोठी गोष्ट. पण ‘फॅमिली ख्रिश्चन’ या साखळीने २०१७ मध्ये आपली २४० दुकानं बंद केली. सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शनच्या ‘लाइफवे’ने २०१९ मध्ये १७० दुकानांना टाळं लावलं आणि फक्त ऑनलाइन विक्री ठेवली. वाचकही ऑनलाइन गेला.

दुसरं कारण म्हणजे ही दुकानं आणि प्रकाशनं पुस्तक गाळून घ्यायची. २०१२ मध्ये रेचेल हेल्ड एव्हन्स यांचं ‘अ इयर ऑफ बिब्लिकल वुमनहुड’ आलं. बायबलमधल्या स्त्रियांसाठीच्या सूचना शब्दशः पाळत त्यांनी एक वर्ष काढलं आणि त्याचा विनोदी वृत्तांत लिहिला. नवऱ्याला ‘मालक’ म्हणण्यापासून घराच्या छतावर जाऊन बसण्यापर्यंत सगळं त्यांनी केलं. प्रकाशक मोठा होता, तरी लाइफवेच्या दुकानांनी हे पुस्तक ठेवलं नाही. अधीनतेच्या विरोधात लिहिणाऱ्यांना ही गाळणी नको होती. आणि फारच कडक शिकवण देणाऱ्यांनाही नको होती, कारण त्यांचा मजकूर मुख्य प्रवाहातल्या ख्रिश्चन प्रकाशनांना झेपला नसता. स्वतः छापण्याची वाट दोघांनाही मोकळी होती.

तिसरं कारण पैसे.

स्वतः छापून किती पैसे मिळतात?

२००७ मध्ये किंडल आलं, तेव्हाच ॲमेझॉनने लेखकांना थेट ई-बुक टाकायची सोय दिली. तिलाच आता ‘किंडल डायरेक्ट पब्लिशिंग’ म्हणजे केडीपी म्हणतात. खातं उघडायला आणि पुस्तक टाकायला पैसे लागत नाहीत.

• ई-बुकची किंमत २.९९ ते ९.९९ डॉलरच्या दरम्यान असेल, तर लेखकाला ७० टक्के रॉयल्टी मिळू शकते. त्यातून फाइलच्या आकारानुसार थोडा डिलिव्हरी खर्च वजा होतो. या मर्यादेबाहेरच्या किमतीला ३५ टक्के.

• छापील पुस्तक मागणी आली की एकेक प्रत छापून पाठवलं जातं. गोदामात हजार प्रती साठवायची गरज नाही. ९.९९ डॉलर किंवा त्याहून जास्त किमतीच्या पेपरबॅकवर ६० टक्के रॉयल्टी आहे, त्यातून छपाईखर्च वजा होतो. २०२५ च्या जूनपासून यापेक्षा स्वस्त पेपरबॅकवर ती ५० टक्के झाली.

उदाहरणार्थ, २०० पानांचं काळ्या-पांढऱ्या छपाईचं पुस्तक १२.९९ डॉलरला ठेवलं. ६० टक्के म्हणजे ७.७९ डॉलर. त्यातून छपाईचे साधारण साडेतीन डॉलर गेले, तर लेखकाच्या हातात चार डॉलरच्या थोडं वर पडतात. मोठ्या प्रकाशकाकडे पेपरबॅकची रॉयल्टी बहुतेक वेळा एक आकडी टक्क्यांत असते. म्हणजे त्याच किमतीवर लेखकाला एक डॉलरच्या आसपास मिळतो.

पण इथेच बरेच जण फसतात. प्रकाशक कमी रॉयल्टी देतो, पण संपादन, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ आणि मांडणीचा खर्च तो करतो. स्वतः छापताना हे सगळं लेखकाच्या खिशातून जातं. त्यावर एकाच पुस्तकाच्या १०० प्रती विकल्या, तर खर्चही निघत नाही.

‘ख्रिश्चन सेल्फ-पब्लिशिंग’ कंपन्या वेगळ्या असतात का?

हो, आणि इथे शब्द नीट वाचावे लागतात. ‘झुलॉन प्रेस’ ही कंपनी केवळ ख्रिश्चन लेखकांसाठी २००० च्या सुमाराला सुरू झाली. २००६ मध्ये ती सेलम कम्युनिकेशन्स या ख्रिश्चन माध्यमसमूहाकडे गेली. २००९ मध्ये थॉमस नेल्सन या मोठ्या ख्रिश्चन प्रकाशनाने ‘वेस्टबो प्रेस’ हा विभाग काढला. त्याचं काम ‘ऑथर सोल्यूशन्स’ ही कंपनी बघते.

अशा ठिकाणी लेखक पॅकेज विकत घेतो. म्हणजे प्रकाशक लेखकाला पैसे देत नाही, लेखक प्रकाशकाला देतो. काम करून मिळतं हे खरं, पण मोठ्या प्रकाशनाचं नाव जोडलेलं दिसलं म्हणजे त्या प्रकाशनाने पुस्तक निवडलं, असा अर्थ होत नाही. पॅकेज घेण्याआधी एक प्रश्न पुरेसा आहे: ‘माझ्या पुस्तकाचे हक्क कोणाकडे राहणार आणि करार मोडायचा झाला तर काय?’

बायबलमधली वचनं हवी तेवढी छापता येतात का?

अनेकांना हे माहीत नसतं, पण इंग्रजी बायबलच्या आधुनिक भाषांतरांवर कॉपीराइट आहे. ‘न्यू इंटरनॅशनल व्हर्जन’ या लोकप्रिय भाषांतरातली ५०० पर्यंत वचनं लेखी परवानगीशिवाय वापरता येतात. पण त्यात बायबलमधलं एखादं अख्खं पुस्तक येता कामा नये आणि नव्या पुस्तकातल्या एकूण मजकुराच्या २५ टक्के किंवा त्याहून जास्त भाग ही वचनं असता कामा नयेत. शिवाय कॉपीराइटची ओळ छापावी लागते. १६११ चं ‘किंग जेम्स’ भाषांतर अमेरिकेत सर्वांसाठी खुलं आहे. म्हणून कमी खर्चात निघणाऱ्या पुस्तकांमध्ये जुन्या वळणाची इंग्रजी वचनं जास्त दिसतात. श्रद्धेच्या जोडीला खिशाचंही कारण असतं.

शोधशब्दांचा घोळ

‘सबमिशन’ या शब्दाची ऑनलाइन दुकानात एक वेगळीच अडचण आहे. इंग्रजीत हाच शब्द कामुक साहित्यातही सर्रास वापरला जातो. त्यामुळे शोधशब्द नीट निवडले नाहीत, तर लग्नावरच्या उपदेशाचं पुस्तक प्रौढांसाठीच्या पुस्तकांच्या रांगेत दिसू शकतं. म्हणून असे लेखक ‘ख्रिश्चन मॅरेज’, ‘बिब्लिकल वाइफ’ अशा जोडशब्दांवर भर देतात आणि वर्ग निवडताना ‘धर्म – ख्रिश्चन जीवन – प्रेम व विवाह’ असा नेमका पर्याय घेतात. विनोदी पुस्तकांसाठी ‘विनोद – विवाह व कुटुंब’ हा स्वतंत्र वर्ग आहे.

रिव्ह्यूचाही प्रश्न येतो. चर्चमधल्या मैत्रिणींनी पाच-पाच तारे द्यावेत, असं लेखकाला वाटणं साहजिक आहे. पण कुटुंबीय आणि जवळच्या मित्रांचे रिव्ह्यू ॲमेझॉनला चालत नाहीत. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने खोट्या रिव्ह्यूंवर बंदी घालणारा नियम २०२४ मध्ये आणला आणि तो त्याच वर्षी ऑक्टोबरपासून लागू झाला.

एआयमुळे पुस्तकांचा पूर आल्यावर केडीपीने २०२३ च्या सप्टेंबरमध्ये एका खात्यातून दिवसाला जास्तीत जास्त तीन नवी पुस्तकं टाकता येतील अशी मर्यादा घातली. एआयने तयार केलेला मजकूर असेल तर ते कंपनीला सांगणंही सक्तीचं झालं. मात्र ही माहिती वाचकाला दिसेलच असं नाही.

मग वाद कशावरून?

कारण इथे सल्ला चुकला तर किंमत माणसं मोजतात.

टेनेसी राज्यातल्या मायकल आणि डेबी पर्ल या दांपत्याने आपल्या ‘नो ग्रेटर जॉय’ संस्थेतर्फे स्वतः पुस्तकं काढली. १९९४ चं ‘टू ट्रेन अप अ चाइल्ड’ मुलांना शिस्त लावण्यासाठी लहान वयापासून छडीचा वापर सुचवतं. डेबी पर्ल यांचं २००४ चं ‘क्रिएटेड टू बी हिज हेल्प मीट’ पत्नीच्या अधीनतेबद्दल आहे. पहिल्या पुस्तकाच्या सहा लाखांहून जास्त प्रती वाचकांपर्यंत गेल्या. २००६, २०१० आणि २०११ मध्ये नॉर्थ कॅरोलायना, कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन या राज्यांत तीन दत्तक मुलांचा घरातल्या अत्याचारातून मृत्यू झाला. त्यांच्या पालकांकडे हे पुस्तक होतं किंवा त्यांनी ते वाचलं होतं, हे बातम्यांमधून समोर आलं. त्या पालकांना न्यायालयाने दोषी ठरवलं. पर्ल यांनी जबाबदारी नाकारली. पुस्तक रागाच्या भरात मारायला सांगत नाही, उलट त्याविरुद्ध बजावतं, असं त्यांचं म्हणणं आहे. ॲमेझॉनने हे पुस्तक काढावं यासाठी ऑनलाइन याचिकाही झाल्या.

मोठ्या प्रकाशनात संपादक आणि वकील असे मजकूर थांबवतीलच याची खात्री नाही. पण स्वतः छापताना विचारणाराच कोणी नसतो.

अधीनतेच्या सल्ल्याचंही तसंच. सदर्न बॅप्टिस्टांचे बडे नेते पेज पॅटरसन यांचं २००० मधलं एक ध्वनिमुद्रण २०१८ मध्ये बाहेर आलं. नवऱ्याकडून त्रास होणाऱ्या एका बाईला आपण घरी राहून प्रार्थना करायला सांगितलं, ती काळ्यानिळ्या डोळ्यांनी परत आली आणि नवरा चर्चला आला म्हणून आपल्याला आनंद झाला, असं ते त्यात सांगत होते. हजारो बॅप्टिस्ट स्त्रियांनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या आणि त्याच वर्षी मे महिन्यात ते एका सेमिनरीच्या अध्यक्षपदावरून गेले.

आता चर्चमधल्याच लेखिका या पुस्तकांची तपासणी करत आहेत. कॅनडाच्या शीला रे ग्रेगोर यांनी सहकाऱ्यांसोबत २० हजारांहून जास्त स्त्रियांची पाहणी केली आणि २०२१ मध्ये ‘द ग्रेट सेक्स रेस्क्यू’ लिहिलं. लग्नावरच्या लोकप्रिय ख्रिश्चन पुस्तकांमधल्या कोणत्या सल्ल्याने बायकांचं नुकसान होतं, हा तिचा विषय. त्याच वर्षी इतिहासकार बेथ ॲलिसन बार यांचं ‘द मेकिंग ऑफ बिब्लिकल वुमनहुड’ आलं. अधीनतेची आजची शिकवण बायबलपेक्षा इतिहासातून घडली, असं त्यांनी मांडलं.

दुसरी बाजू काय म्हणते?

या शिकवणीचे समर्थक सांगतात, की अधीनता म्हणजे मार सहन करणं नव्हे आणि पतीने अधिकार वापरायचा तो सेवेसाठी. समाजशास्त्रज्ञ ब्रॅडफर्ड विलकॉक्स यांचा २००४ चा अभ्यास ते पुढे करतात. नियमित चर्चला जाणारे इव्हँजेलिकल पुरुष घरात जास्त लक्ष घालतात आणि त्यांच्यात घरगुती हिंसेचं प्रमाण कमी दिसतं, असं त्यात आढळलं. पण त्याच अभ्यासाचा दुसरा निष्कर्षही महत्त्वाचा आहे. जे स्वतःला इव्हँजेलिकल म्हणवतात, पण चर्चला क्वचितच जातात, अशा पुरुषांमध्ये हे प्रमाण जास्त होतं. म्हणजे ‘मी घरातलं मस्तक’ एवढंच ज्यांनी उचललं आणि जबाबदारीचा भाग सोडला, त्यांच्या घरात धोका जास्त.

हीच भीती पुस्तकांबाबतही आहे. चर्चमध्ये सल्ल्यासोबत प्रश्न विचारायला माणसं असू शकतात. पुस्तक मात्र एकट्या बाईच्या हातात पडतं, कधी कधी तिच्या नवऱ्यानेच दिलेलं.

मराठी वाचकाचा याच्याशी काय संबंध?

एक जुना धागा आहे. १८८७ मध्ये पंडिता रमाबाई अमेरिकेत होत्या. ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक त्यांनी फिलाडेल्फियातल्या एका छापखान्याकडून छापून घेतलं आणि त्याच्या विक्रीतून भारतातल्या कामासाठी पैसा उभा करायला मदत झाली. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं. रमाबाई ख्रिस्ती झाल्या होत्या, पण अधीनतेचा प्रश्न त्यांनाही सुटला नव्हता. इंग्लंडमधल्या वांटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात चर्चचा अधिकार कुठवर मानायचा आणि स्वतःची सदसद्विवेकबुद्धी कुठे राखायची, यावरून झालेला संघर्ष वाचायला मिळतो.

आजचा धागा साधा आहे. २०१६ च्या डिसेंबरपासून किंडलवर मराठी ई-बुकं आहेत आणि केडीपीवर मराठी पुस्तक टाकता येतं. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के रॉयल्टी हवी असेल, तर पुस्तक ‘केडीपी सिलेक्ट’मध्ये नोंदवावं लागतं, म्हणजे ९० दिवस ते ई-बुक दुसरीकडे विकता येत नाही. अमेरिकेत लेखकाला स्वतःच्या नावाचा आयएसबीएन हवा असेल तर तो विकत घ्यावा लागतो, भारतात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सी तो मोफत देते. त्यामुळे संसारावरचा उपदेश असो की घरातली फजिती, मराठीतही ती उद्या सकाळी कोणालाही पुस्तक म्हणून आणता येते.

असं पुस्तक हातात आलं तर काय बघावं?

• प्रकाशकाचं नाव बघा. ते लेखकाच्याच संस्थेचं असेल, तर मजकूर दुसऱ्या कोणी तपासलेला असेलच असं नाही.

• मारहाण, धमक्या, पैशांची अडवणूक याबद्दल पुस्तक काय सांगतं ते शोधा. ‘सुरक्षित ठिकाणी जा, मदत घ्या’ असं स्पष्ट लिहिलेलं नसेल, तर तो सल्ला अपुरा आहे.

• पतीला दिलेल्या सूचना किती पानांच्या आणि पत्नीला दिलेल्या किती पानांच्या, हे मोजा.

• विनोद कोणावर आहे ते बघा. मुलांचे खासगी प्रसंग त्यांच्या नावासकट छापले असतील, तर मोठेपणी ते पुस्तक त्या मुलांसोबतच राहणार आहे.

• पुस्तक लिहिणारे असाल, तर ज्याच्यावर विनोद केला आहे त्या घरच्या माणसाला छपाईआधी ते पान वाचायला द्या.

भारतात घरगुती हिंसेपासून संरक्षण देणारा कायदा २००५ चा आहे आणि तो सगळ्या धर्मांच्या स्त्रियांना लागू होतो. महिलांसाठी मदतीचा क्रमांक १८१ आहे.